पहिला बाक

माझ्या सासऱ्यांना कुठलंही मूल दिसलं की त्याचं नाव विचारायच्या आधी ते त्याला वाचायला लावतात. समोर वर्तमानपत्र असो, बिस्किटाचा पुडा असो नाहीतर दुकानावरची पाटी, त्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "वाच बघू." सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, ते जन्मभर मास्तर होते आणि निवृत्त झाले ते मुख्याध्यापक म्हणून. आमच्या लग्नात मला मेंदी काढायला आलेल्या बाईंची छोटी मुलगी तिथेच खेळत होती. तिला त्यांनी नारळाच्या पिशवीवर छापलेलं दुकानाचं नाव वाचायला लावलं आणि ती अडखळली तेव्हा मुहूर्त जवळ आला असतानाही तिच्याजवळ मांडी घालून बसले. सगळे हसले होते. मीही हसले होते.

त्यांची एकुलती एक नात, म्हणजे माझी मुलगी, तिसरीत गेली तरी तिला वाचता येत नव्हतं.

आम्ही कायझर्सलाउटर्नला राहतो. नवरा इथल्या एका संशोधन संस्थेत मेकॅनिकल इंजिनिअर आहे, मी घरून एका पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर तपासते. मुलगी इथेच जन्मली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून देते. बोलायला चुरचुरीत, हसरी, कुणाच्याही कुत्र्याशी मैत्री करणारी. पण अक्षर तिच्यापाशी थांबत नाही. काल घोटून घेतलेलं अक्षर आज तिला अनोळखी माणसासारखं वाटतं, आणि ती त्याच्याकडे तशीच, सभ्यपणे, बघत राहते. आकड्यांचंही तेच. डोळे तपासले, कान तपासले, तपासणाऱ्या निरनिराळ्या बायकांनी तिच्यापुढे निरनिराळे ठोकळे ठेवले. शेवटी शाळेने आम्हाला बोलावून सांगितलं की तिच्यासाठी फ्योर्डरशूले बरी, म्हणजे जी मुलं नेहमीच्या शाळेत टिकत नाहीत त्यांची वेगळी शाळा. इथले लोक वाईट बातमी फार मऊ आवाजात सांगतात. समोरच्या बाई इतक्या हळू बोलत होत्या की ऐकायला मला पुढे वाकावं लागत होतं. ईस्टरच्या सुट्टीनंतर पुन्हा बसू आणि ठरवू, असं त्या म्हणाल्या.

मी तापट आहे आणि नवरा थंड, त्यामुळे आमच्या घरात भांडण मला एकटीलाच करावं लागतं. त्या रात्री मी ते पुरेपूर केलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने वडिलांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वाचायला शिकल्याशिवाय माझ्या हाताखालून एकही पोर चौथीच्या पुढे गेलेलं नाही. व्हिसाचं बघ. मी येतो."

ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. सामानात लोणचं, मेतकूट, गोडा मसाला, आणि पंच्यात गुंडाळलेली दगडी पाटी. विमानतळाहून घरी येताना, अजून जाकिटाची चेनही नीट लावता येत नव्हती तेव्हा, त्यांनी स्टेशनावरच्या पाटीकडे बोट दाखवून नातीला म्हटलं, "वाच बघू." तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाबा, घरी जाऊ आधी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काही घाई नाही."

जर्मन त्यांना येत नव्हतं, म्हणून ते मराठी शिकवणार होते. त्यांचं म्हणणं असं की कुठलीही एक लिपी उघडली की बाकीच्या आपोआप उघडतात. मला ते पटलं नव्हतं, पण मला तोवर काहीच पटेनासं झालं होतं.

त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. इतर मास्तर हुशार पोरांना पुढे बसवायचे आणि कच्च्यांना मागे, भिंतीशी. हे उलटं करायचे. वर्गातलं सगळ्यात कच्चं पोर पहिल्या बाकावर, त्यांच्या खुर्चीला लागून, हात लांब केला की डोक्यावर पडेल इतक्या जवळ. खडू आणायचा तो त्यानेच, घंटा वाजवायची तीही त्यानेच. "हुशार पोराला मास्तर लागतच नाही गं," ते मला सांगायचे, "तो मास्तर असूनही शिकतो. माझा पगार पहिल्या बाकासाठी होता." आमच्या जेवणाच्या टेबलाशी खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली आणि तिला चिकटून ठेवलेली दुसरी खुर्ची म्हणजे पहिला बाक. मुलगी शाळेतून आली की दप्तर दारातच टाकून ओरडायची, "पहिला बाक!" आणि धावत जाऊन बसायची. आपण होऊन, मोठ्याने, मराठीत ती एवढे दोनच शब्द बोलायची. ते ऐकलं की माझं दिवसभराचं तापलेलं डोकं शांत व्हायचं.

ती त्या खुर्चीत तास तास बसायची. ओल्या फडक्याने पाटी पुसायची, पेन्सिल कुरकुर वाजवत गिरवायची, आजोबा ग म भ न म्हणतील तसं म्हणायची. एका दुपारी तिने 'बदक' वाचलं. बाबांनी मला हाक मारली, नवऱ्याला ऑफिसात फोन केला आणि मी संध्याकाळी शिरा केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकातल्या बदकाच्या चित्रावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता वाच." तिने अक्षरांकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, तिथे काही लिहिलेलं सापडतंय का ते बघत. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. मला तेव्हाच कळलं, आणि मला वाटतं त्यांनाही कळलं असावं. ते म्हणाले, "येईल. येतं." त्यानंतर ते रोज म्हणू लागले, येईल.

ईस्टरची सुट्टी लागली. एका रविवारी नवरा कामासाठी ड्युसेलडॉर्फला गेला होता, बाहेर पाऊस होता आणि रविवार असल्यामुळे सगळी दुकानं बंद. बाबा घरात येरझाऱ्या घालत होते. त्यांना एकदा जर्मन शाळा आतून बघायची होती, पण शाळेला तर सुट्टी. मी शोधाशोध केली तेव्हा ट्रेनने तासाभरावर एका छोट्या गावात शाळेचं एक संग्रहालय सापडलं. तिकडे इंग्लंडात व्हिक्टोरिया राणी राज्य करत होती त्या काळात इथल्या गरिबांच्या मुलांसाठी काढलेली शाळा, आर्मेनशूले, तिची मूळ इमारत जपून ठेवली होती आणि दर रविवारी तिथे जुन्या पद्धतीचा एक तास भरवत. बाबांचा चेहरा उजळला. "चला," म्हणाले, "गरिबाच्या पोरांना यांनी कसं शिकवलं ते बघू."

चर्चच्या मागे दुमजली दगडी घर होतं. खालच्या खोल्यांत त्या मुलांच्या वस्तू काचेत मांडल्या होत्या. लाकडी बूट, सुपाचं पत्र्याचं भांडं, कापडाच्या गिरणीत चालवायच्या चात्या. मुलं पहाटेपासून गिरणीत काम करायची आणि उरलेल्या वेळात इथे यायची, झोपेने डोळे मिटत असले तरी. एक मोठा फोटो होता. केस भादरलेली मुलं ओळीने उभी, कुणीच हसत नव्हतं. बाबा हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे राहिले. नात त्यांचं बोट धरून होती.

"आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्यांची पोरं यायची, ती अशीच दिसायची," ते म्हणाले. "पुढे काय झालं यांचं? लिहिलंय का?"

मी फोटोखालची पाटी वाचून सांगितलं. प्रार्थनेचं पुस्तक वाचता आलं आणि नाव लिहिता आलं की पुरे झालं असं समजत आणि मुलं कायमची गिरणीत जात. त्याहून जास्त शिकवायचं कुणाच्या मनातच नव्हतं.

"मग शाळा कशाला काढली?"

"गप्प बसायची सवय लागावी म्हणून," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. मला त्या फोटोतल्या मुलांचं वाईट वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर. मला राग येत होता. दीडशे वर्षांनंतरही कुणीतरी टेबलापलीकडे बसून ठरवतंच आहे की या मुलाला एवढं पुरे. फक्त आता मऊ आवाजात ठरवतात.

बाबांनी नातीचा हात दुसऱ्या हातात घेतला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर घंटा वाजली. तास सुरू होणार होता. वर पिशव्या आणि ओली जाकिटं न्यायची नव्हती, म्हणून मी ती ठेवायला खालीच थांबले आणि दोघांना पुढे पाठवलं. कपाटाची किल्ली फिरेना. मी जर्मन, मराठी आणि थोड्या इंग्रजी शिव्या घालून ती फिरवली आणि वर गेले. वर्गाच्या दाराबाहेर बाबांचे बूट नीट जोडून ठेवलेले होते. जिथे पाट्या-पुस्तकं असतात तिथे ते पायातलं घालून जात नाहीत.

आतून मुलांच्या हसण्याचा आवाज येत होता. गाढव ओरडल्यासारखा आवाज कुणीतरी काढत होतं. मी दारात उभी राहिले. एक वयस्कर गृहस्थ काळा लांब कोट घालून, हातात छडी घेऊन जुन्या काळचे मास्तर झाले होते. त्यांच्या दुसऱ्या हातात दोरीला बांधलेलं लाकडी गाढव होतं. ज्याला येत नाही त्याच्या गळ्यात हे अडकवत, ते सांगत होते, आणि तिथे बसवत. टेबलाला लागून, सगळ्या वर्गाच्या समोर, एक बुटका एकटा बाक होता. एझेल्सबांक. गाढवाचा बाक. त्यांनी पुन्हा गाढवाचा आवाज काढला, मुलं खिदळली. बाबांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण चारचौघांत हसू येतं तसे तेही हसले.

मग त्या गृहस्थांनी टाळी वाजवून सगळ्यांना बसायला सांगितलं. आईबाप आपापल्या मुलांना घेऊन बाकांत शिरले. आणि बाबा, मोज्यांवर, नातीचा हात धरून सरळ पुढे गेले. मास्तरांच्या टेबलाला लागून असलेला तो बुटका बाक त्यांनी पाहिला होता. त्यांनी तिला तिथे बसवलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग स्वतः सगळ्यात मागे, तपासणीला आलेल्या साहेबासारखे, भिंतीशी जाऊन बसले.

मी हाक मारायला तोंड उघडलं, पण तोवर उशीर झाला होता.

काळ्या कोटातले गृहस्थ क्षणभर गोंधळले आणि मग भूमिकेत शिरून म्हणाले, "अस्सं! आजोबांनीच आणून बसवलं म्हणजे आता शंकाच नको!" सगळा वर्ग हसला. मागे बाबाही हसले आणि मान डोलावली. मुलीने मागे वळून आजोबांना हसताना पाहिलं. तिचा चेहरा मला दारातून पूर्ण दिसत होता. ती रडली नाही, लाजलीही नाही. बराच वेळ शोधत असलेली वस्तू शेवटी सापडावी तसं तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शांत झालं.

ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना लगेच काहीतरी कळलं असावं. त्यांनी छडी टेबलावर ठेवली, तिच्याजवळ वाकले आणि साध्या आवाजात म्हणाले, "अगं, ही गंमत होती. चल, इकडे या मुलींच्या शेजारी बस."

"नाही," ती म्हणाली, "बरोबर आहे हे."

आणि तो सगळा तास ती तिथेच बसली. हात टेबलावर एकावर एक ठेवून, पाठ ताठ. मागच्या बाकांवरची मुलं पाट्यांवर जुन्या वळणाची अक्षरं गिरवत होती. मागे बाबा तृप्त चेहऱ्याने बसले होते. माझी नजर त्यांच्याशी भिडली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बोट दाखवून मला खूण केली, बघ, किती छान बसली आहे.

परतीच्या ट्रेनमध्ये ते थांबेचनात. "पाहिलंस? म्हणजे यांच्याकडेही पहिल्या बाकाची पद्धत होती! मला वाटायचं माझ्याच डोक्यातून निघाली. गावाकडे निवृत्तांची बैठक असते ना, तिथे सांगणार आहे. फोटो काढायला हवा होता गं." मी नुसती हं हं करत होते. मुलगी खिडकीशी बसली होती. बाहेर द्राक्षमळ्यांच्या काळ्या काठ्या मागे जात होत्या.

मला राहवलं नाही. मी तिच्याजवळ सरकले आणि हळूच म्हटलं, "बाळा, आजोबांना माहीत नव्हतं. ते गृहस्थ जर्मनमध्ये बोलत होते ना. तो गाढवाचा बाक आहे हे त्यांना कळलंच नाही. आजोबांच्या शाळेत ती लाडाची जागा असायची."

हे सगळं मी मराठीत म्हटलं. तिच्याशी मी मराठीतच बोलते. समोर बसलेले बाबा बोलायचे थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं.

मुलीने थोडा विचार केला आणि मला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय ती?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

"अगं, सांग. काय म्हणाली?"

मी सांगितलं. "ती विचारतेय, तुमच्या शाळेत त्या जागेवर कोण बसायचं?"

बाबा जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले असते तर मी त्यांच्या पाया पडले असते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "ज्यांना येत नाही, ती मुलं."

"गेनाऊ," ती म्हणाली. अगदी तेच. आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा पाटी पुसून खिडकीशी बसले. ती आली, शेजारच्या खुर्चीत बसली, सांगितलं ते सगळं केलं. फक्त दारातून ओरडली नाही. त्यानंतर कधीच ओरडली नाही. बाबांनी तिला चार दिवस बदक, गवत, मगर करून पाहिलं. मग एका दुपारी म्हणाले, "आज पाऊस नाही, फिरायला जाऊ." ते दोघं फिरायला जाऊ लागले. वाटेत दुकानांच्या इतक्या पाट्या असतात, पण त्यांनी एकीवरही बोट ठेवलं नाही. मी खिडकीतून त्यांना पाठमोरं जाताना बघायची आणि भांडायला कुणीच उरलं नाही असं मला वाटायचं.

सुट्टी संपल्यावर शाळेत बैठक झाली. मी जाताना पदर खोचून गेले होते, पण त्या बाईंनी मऊ आवाजात मुलीलाच विचारलं की तुला कसं वाटतं, आणि ती म्हणाली, तिथे सगळे माझ्यासारखेच असतील ना, मग चालेल. मी सही केली. नवऱ्याने केली. बाबांना आम्ही घरी येऊन सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि पाटी पुन्हा पंच्यात गुंडाळली. परत जाताना ती सोबत घेऊन गेले.

आता सकाळी एक छोटी बस येते आणि तिला घेऊन जाते. ती तिथे रमली आहे असं सगळे सांगतात, आणि ते खरं आहे. तेच मला सहन होत नाही. ती आता कशाची वाट बघत नाही. नवरा म्हणतो, मूल आनंदी आहे, अजून काय हवं. मी त्याच्याशी वादही घालत नाही, इतकी मी दमले आहे.

बाबा दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात. जेवलीस का, थंडी आहे का, कुत्रा भेटला का. अभ्यासाचं चुकूनही निघत नाही. गेल्या रविवारी ते ओसरीवर बसून तिच्याशी बोलत होते आणि शेजारची पहिलीतली मुलगी त्यांच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकवायला आली. जुनी सवय. त्यांचा हात शेजारी पडलेल्या वर्तमानपत्राकडे गेला आणि तोंडातून निघून गेलं, "वाच बघू." ती पोरगी खड्या आवाजात, न अडखळता, मथळ्यामागून मथळा वाचत सुटली. माझी मुलगी इकडे फोनला नाक लावून ऐकत होती. मग बाबांच्या लक्षात आलं. पडद्यावर त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी झटकन वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि फोन उताणा ठेवून दिला. आम्हाला ओसरीचं छत तेवढं दिसत राहिलं.

मुलगी माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत कौतुकाशिवाय दुसरं काही नव्हतं.

"तिला का थांबवलं आजोबांनी?" तिने विचारलं. "किती छान वाचत होती ती."